आवक घटली म्हणून पातळी उतरत नाही

उन्हाळ्यात जत-आटपाडीकडे पहाटेच्या आणि दुपारच्या तापमानात पंधरा अंशांचा फरक सहज पडतो. तो माणूस सोसतो, जनावरं सोसतात, डाळिंबही सोसतं. मग दरवर्षी नोव्हेंबरात जगभरचे मंत्री जमून ‘दीड अंश’ या आकड्यावरून रात्र-रात्र का भांडतात, हा प्रश्न रास्त आहे. २०२४ हे वर्ष १८५०-१९०० च्या सरासरीपेक्षा सुमारे १.५५ अंशांनी गरम होतं, असं जागतिक हवामान संघटनेने जाहीर केलं, तेव्हाही अनेकांच्या मनात आलं असेल: एवढंच?

हा दीड अंश एका गावाचा नाही आणि एका दिवसाचाही नाही. सगळे समुद्र, सगळी वाळवंटं, दोन्ही ध्रुव, रात्र-दिवस, थंडी-उन्हाळा हे सगळं मिळून निघालेली ती वर्षाची सरासरी आहे, आणि ही सरासरी सहसा हलत नाही. शेवटचं हिमयुग ऐन भरात होतं, उत्तर अमेरिकेचा आणि युरोपचा मोठा भाग किलोमीटरभर जाडीच्या बर्फाखाली होता, तेव्हा ती १८५०-१९०० च्या सरासरीपेक्षा पाच ते सात अंशांनीच कमी होती. तिथून वर यायला हजारो वर्षं लागली. तेवढ्या फरकाच्या जवळपास चौथ्या हिश्शाइतकी आणखी भर आपण दीडशे वर्षांत घातली आहे. पॅरिस करारातली दीड अंशाची मर्यादा साधारण वीस वर्षांच्या सरासरीवर धरतात, त्यामुळे एका वर्षाने ती मोडली असं म्हणता येत नाही. पण अंतर फार उरलेलं नाही.

हवेतल्या इतक्याशा वायूने काय होतं?

सूर्याचा प्रकाश हवेतून आरपार येतो आणि जमीन तापवतो. तापलेली जमीन ती उष्णता अदृश्य किरणांच्या रूपाने परत वर सोडते. हवेचा ९९ टक्के भाग नायट्रोजन आणि ऑक्सिजन आहे आणि हे दोन्ही वायू त्या किरणांना अडवत नाहीत. अडवतात ते पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, मिथेन आणि नायट्रस ऑक्साइड. यांना हरितगृह वायू म्हणतात. ते नसते तर पृथ्वीची सरासरी उणे १८ अंश असती. त्यांच्यामुळे ती १५ च्या आसपास आहे. म्हणजे ते मुळात वाईट नाहीत. प्रश्न वाढलेल्या प्रमाणाचा आहे.

कार्बन डायऑक्साइड हवेत दर दहा लाख भागांमागे किती भाग आहे, हे पीपीएममध्ये मोजतात. कोळशाची यंत्रं येण्यापूर्वी तो २८० पीपीएम होता. १९५८ मध्ये हवाईच्या मौना लोआ डोंगरावर सलग मोजणी सुरू झाली तेव्हा ३१५ होता. आता ४२० च्या पुढे गेला आहे. बर्फात अडकलेल्या जुन्या हवेवरून मागच्या आठ लाख वर्षांचा हिशोब मिळतो, आणि त्यात तो कधीच ३०० च्या फारसा वर गेलेला दिसत नाही.

ओझोनच्या थराला पडलेलं भोक हा वेगळा विषय आहे. दोन्हींची गल्लत शाळेच्या निबंधापासून सुरू होते, म्हणून एवढं सांगितलं.

कोयनेचा हिशोब

पावसाळ्यात सातारा-सांगलीतलं प्रत्येक घर रोज एक बातमी वाचतं: कोयनेत आवक इतके क्युसेक, विसर्ग इतके क्युसेक, साठा १०५.२५ पैकी इतके टीएमसी. हवामान बदलाचं राजकारण समजायला हीच तीन नावं पुरतात.

जग दरवर्षी सुमारे ४० अब्ज टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतं. ही आवक. समुद्र, जंगलं आणि माती मिळून त्यातला निम्म्याहून थोडा अधिक शोषून घेतात. हा विसर्ग. उरलेला हवेत साठतो आणि त्यातला बराचसा शेकडो वर्षं तिथेच राहतो. पृथ्वी किती तापणार हे साठ्यावर ठरतं, त्या वर्षीच्या आवकेवर नाही. गेल्या वर्षीपेक्षा यंदा थोडं कमी सोडलं म्हणून पातळी उतरत नाही. आवक विसर्गापेक्षा जास्त आहे तोवर ती चढतच राहते, फक्त जरा सावकाश.

धरणाची ही उपमा एका ठिकाणी अपुरी पडते. कोयनेला वक्र दरवाजे आहेत, पातळी धोक्याची झाली की ते उचलता येतात. हवेला दरवाजे नाहीत.

यावरून दोन गोष्टी कळतात. एक, दीड अंशाच्या आत राहायचं तर अजून किती सोडता येईल याचा ठरावीक आकडा निघतो. २०२० च्या सुरुवातीला तो सुमारे ५०० अब्ज टन होता, तोही निम्म्या शक्यतेने. वर्षाला ४० अब्ज टनांप्रमाणे त्याचं काय झालं असेल, हे कागद-पेन्सिलवर काढता येतं. दुसरी, नेट झिरो म्हणजे काय. माणूस जेवढं सोडतो तेवढंच त्याने परत काढून घेतलं की निव्वळ भर शून्य. तिथे पोहोचल्यावर तापमान चढायचं जवळपास थांबतं, पण खाली येत नाही. म्हणजे नेट झिरो गाठलं तरी १९८० च्या दशकातला पाऊस परत येणार नाही. पुढचं सगळं विवेचन या एका वाक्यावर उभं आहे.

हवामान तर पूर्वीही बदलायचं

बदलायचं. १९७२ चा दुष्काळ आठवणारी माणसं माण-खटावमध्ये आजही आहेत. पण आजचा बदल माणसाचाच आहे, हे ओळखायच्या खुणा आहेत. कोळसा आणि तेल कोट्यवधी वर्षं जुनं असल्याने त्यांच्या कार्बनमध्ये किरणोत्सारी कार्बन-१४ उरलेला नसतो. हवेतल्या कार्बनमध्ये नेमकं त्याचं प्रमाण पातळ होत गेलेलं दिसतं. सूर्य जास्त तापला म्हणावं, तर हवेचे वरचे थरही तापायला हवेत. प्रत्यक्षात खालचा थर तापतोय आणि वरचा थंड होतोय. उष्णता खालीच अडते आहे, तेव्हाच असं होतं. उपग्रहांनी १९७८ पासून सूर्याचं तेज मोजलं आहे, त्यातही वाढ नाही. ज्वालामुखी वर्षाला सोडतात ते माणसाच्या एक टक्क्याहूनही कमी.

आणि डिसेंबर-जानेवारीत महाबळेश्वरच्या वेण्णा लेकला दव गोठतं त्याचं काय? ते गोठत राहील. सरासरी चढली म्हणून थंडीच्या लाटा संपत नाहीत.

एकाच जिल्ह्यात महापूर आणि टँकर

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या पुढे गेली. तिथे इशारा पातळी ४० फूट आणि धोक्याची ४५. त्याच वर्षी जिल्ह्याच्या पूर्व भागात पाण्याचे टँकर चालू होते, शेजारच्या माणमध्ये चारा छावण्या होत्या. दोन्ही एकाच कारणाने वाढतात हे पटायला जड जातं, म्हणून जरा सावकाश पाहू.

हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त वाफ धरू शकते. याचा परिणाम दोन्ही बाजूंनी होतो. तापलेल्या अरबी समुद्रावरून येणारे वारे जास्त वाफ घेऊन सह्याद्रीवर आदळतात, आणि पाऊस पडायला लागला की एकदम ओततो. २२-२३ जुलै २०२१ ला महाबळेश्वरात २४ तासांत सुमारे ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. एका एकरावर एवढा पाऊस म्हणजे सुमारे २४ लाख लिटर पाणी. माण-खटावच्या कित्येक गावांत अख्ख्या वर्षात एवढं पडत नाही. त्याच दिवसांत पाटण तालुक्यातल्या आंबेघर, मिरगाव, ढोकावळे या गावांवर डोंगर कोसळला. डोंगरउतारावरची माती पाणी मुरवते, पण एका वेगानेच. त्यापलीकडे ती पाण्याने जड होते, खडकावरची पकड सुटते आणि उतारच घसरतो.

आता दुसरी बाजू. पाऊस नसतो तेव्हा तीच तापलेली हवा जमिनीतून, पानांतून आणि पाझर तलावांतून जास्त पाणी ओढते. आणि हवेत जास्त वाफ मावते म्हणजे ती भरायलाही जास्त वेळ लागतो. मग दोन पावसांमधला खंड लांबतो. वर्षाची बेरीज तीच राहते. पावसाचे दिवस कमी होतात. पंधरा दिवसांत रिमझिम पडलेले १५० मिलिमीटर विहिरीत उतरतात. तेच दोन तासांत पडले तर बांध फोडून ओढ्याला जातात आणि वरची माती घेऊन जातात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९५० ते २०१५ चा पाऊस तपासला, तेव्हा मध्य भारताच्या पट्ट्यात एकाच वेळी मोठ्या प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढलेल्या आढळल्या. त्याच पट्ट्यात पावसाळ्याची एकूण बेरीज मात्र वाढलेली नव्हती.

पण पूर तर अलमट्टीमुळे येतो ना?

अलमट्टी हे कृष्णेवरचं, सांगलीच्या खाली कर्नाटकातलं धरण. सांगलीत हा वाद कुठल्याही पारावर निघतो, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. २०१९ च्या पुराचा अभ्यास करणाऱ्या वडनेरे समितीने अतिवृष्टी आणि नदीपात्रातली अतिक्रमणं यांच्यावर बोट ठेवलं आणि अलमट्टीच्या फुगवट्याचा सांगलीच्या पुराशी संबंध नसल्याचं म्हटलं. कृष्णाकाठच्या अनेक अभ्यासकांना आणि कार्यकर्त्यांना ते मान्य नाही. धरणाची पातळी ५१९.६ वरून ५२४.२५६ मीटर करण्याला महाराष्ट्राचा विरोध आहे, तो याच भीतीपोटी.

माझ्या मते हा ‘हे की ते’ असा प्रश्नच नाही. पुराला पाणी लागतं आणि ते पाणी निघून जायला वाट लागते. हवामान बदलाने पाणी एकदम येण्याचं प्रमाण वाढतं. सांगलीची वाट आधीच अवघड आहे: कऱ्हाडला कोयना मिळाल्यावर कृष्णा भरून येते, शहराच्या अगदी खाली हरिपूरला वारणा आत घुसते, आणि पुढे नृसिंहवाडीला पंचगंगेचा लोंढा समोर उभा राहतो. त्यात ओत (पुराचं पाणी पसरायच्या सखल जागा) बुजवून बांधलेली घरं, भरावावरचे रस्ते आणि पुलांचे भराव. धरणांचं नियोजन त्यावर. अलमट्टीचा वाद कसाही सुटो, वरून येणारं पाणी कमी होणार नाही. आणि हवामान बदलाचं नाव घेऊन कुणी पूररेषेतलं बांधकाम किंवा चुकलेला विसर्ग झाकू पाहत असेल, तर तेही चालू देऊ नये.

धरणवाल्यांची कोंडीही समजून घ्यायला हवी. अतिवृष्टीसाठी जुलैत कोयना रिकामी ठेवावी, तर सप्टेंबर कोरडा गेल्यास ती भरत नाही. मग टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांना पाणी कुठलं? भरून ठेवावी, तर ऑगस्टच्या एका आठवड्यात दरवाजे उचलावे लागतात. पावसाचा अंदाज चार-पाच दिवस आधी खोऱ्याच्या पातळीवर नेमका मिळाला तर ही कोंडी बरीच सैल होते. माझ्या मते कृष्णाकाठासाठी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात गरजेचा खर्च तोच आहे.

‘शंभर वर्षांतून एकदा’

महाराष्ट्रात नदीकाठी दोन रेषा आखतात. निळी रेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. लोकांना वाटतं, शंभरातला एक येऊन गेला, आता नातवंडांच्या काळात बघू. अर्थ तसा नाही. दर वर्षी तो येण्याची शक्यता एक टक्का, एवढंच. वीस वर्षं आला नाही म्हणून ती वाढत नाही आणि काल आला म्हणून घटतही नाही.

लाल रेषेवरच्या घरासाठी तुम्ही तीस वर्षांचं कर्ज काढलंत, तर कर्ज फिटेपर्यंत पाणी घरात येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के. हवामान बदलल्यामुळे तोच पूर पन्नास वर्षांतून एकदा येऊ लागला, तर ती सुमारे ४५ टक्के. या रेषा मागच्या नोंदींवरून काढलेल्या असतात आणि त्या नोंदी कमी साठ्याच्या हवेतल्या आहेत. सांगलीने २००५ मध्ये ५३ फुटांच्या पुढे, २०१९ मध्ये ५७ च्या पुढे आणि २०२१ मध्ये ५५ च्या आसपास पाणी पाहिलं. १६ वर्षांत तीन वेळा. तीन घटनांवरून सिद्धांत मांडता येत नाही, पण ‘आमच्या आजोबांच्या काळात इथे कधी पाणी आलं नाही’ या भरवशावर प्लॉट घेऊ नये, एवढं नक्की सांगता येतं.

बागेतलं गणित

तासगाव-मिरज-कवठेमहांकाळच्या द्राक्षबागायतदाराला हे सगळं आधीच ठाऊक आहे, कारण त्याचं पीक तारखेवर चालतं. ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर पोंगा (कोवळी फूट) ते फुलोरा या दिवसांत पाऊस आणि धुई लागली की दावण्या हा बुरशीचा रोग येतो, घड जिरतात, मणीगळ होते. मण्यांत पाणी उतरताना, म्हणजे ते मऊ आणि गोड होऊ लागताना, पाऊस झाला तर मणी तडकतात आणि कुजतात. एकूण किती पाऊस पडला याला बागेत अर्थ नाही. कोणत्या आठवड्यात पडला याला आहे. अरबी समुद्र तापल्याने तिथल्या चक्रीवादळांची संख्या आणि जोर वाढला आहे. ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये तशी प्रणाली लांबून गेली तरी चार दिवसांचं ढगाळ, दमट वातावरण देऊन जाते. दावण्याला तेवढं पुरतं.

इथे एक व्यवहाराची गोष्ट. हवामान आधारित फळपीक विम्यात तुमच्या बागेतलं नुकसान मोजत नाहीत. महसूल मंडळातल्या हवामान केंद्राची नोंद बघतात. केंद्रापासून आठ किलोमीटरवर तुमच्याच शिवारात ढग फुटला आणि केंद्रावर कोरडं राहिलं, तर भरपाई अडते. पाऊस जितका तुकड्या-तुकड्यांत पडेल तितकी ही फट रुंदावणार. केंद्रांची संख्या वाढवायची मागणी म्हणून महत्त्वाची आहे.

जग कशावरून भांडतं?

साठा कोणाचा, यावरून.

१७५० पासून आजवरच्या साठ्यात अमेरिकेचा वाटा सुमारे एक चतुर्थांश, युरोपियन युनियन आणि ब्रिटनचा मिळून सुमारे एक पंचमांश, चीनचा सुमारे १५ टक्के, भारताचा तीन-चार टक्के. आजची आवक पाहिली तर चित्र उलटतं: चीन सुमारे तीस टक्के, अमेरिका तेरा, भारत आठ. आणि माणशी पाहिलं तर पुन्हा उलटतं: अमेरिकन माणूस वर्षाला सुमारे १४ टन, चिनी ८, भारतीय २. तिन्ही आकडे खरे आहेत. प्रत्येक देश आपल्या सोयीचा एक घेऊन बोलतो.

१९९२ मध्ये रिओला झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान आराखडा करारात तोडगा निघाला, ‘जबाबदारी सगळ्यांची, पण सारखी नाही’. या करारातल्या देशांची वार्षिक बैठक म्हणजे कॉप. १९९७ च्या क्योटो करारात फक्त श्रीमंत देशांवर कपातीचं बंधन होतं. अमेरिकेने तो मंजूरच केला नाही. मग २०१५ च्या पॅरिस करारात पद्धत बदलली: प्रत्येकाने आपला आकडा आपणच ठरवायचा आणि दर पाच वर्षांनी वाढवायचा. आकडा गाठला नाही तर दंड नाही. म्हणूनच सगळे आले, आणि म्हणूनच करार ढिला आहे. अमेरिका त्यातून बाहेर पडली, २०२१ मध्ये परत आली, जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा बाहेर पडण्याचा आदेश निघाला. भारताने २०२१ च्या ग्लासगो कॉपमध्ये २०७० साली नेट झिरोचं वचन दिलं. चीनचं २०६०, युरोपियन युनियनचं २०५०. कॉपमध्ये निर्णय एकमताने होतात, त्यामुळे ‘जीवाश्म इंधनांपासून दूर जाणं’ एवढे शब्द लिहायला २०२३ चं दुबई उजाडलं.

पैसा कुठे अडतो?

श्रीमंत देशांनी २००९ मध्ये कोपनहेगनला कबूल केलं की २०२० पासून वर्षाला १०० अब्ज डॉलर देऊ. त्यांच्याच हिशोबाने तो आकडा २०२२ मध्ये गाठला गेला, सुमारे ११६ अब्ज. त्यातल्या सरकारी पैशाचा मोठा हिस्सा कर्ज होता, आणि हवामानाशी जुळवून घेण्याच्या कामांना, ज्याला अनुकूलन म्हणतात, सुमारे ३२ अब्जच मिळाले. २०२४ ला बाकूमध्ये २०३५ पर्यंत वर्षाला ३०० अब्ज ठरले. विकसनशील देशांनी १३०० अब्जांची गरज मांडली होती. भारताने तिथेच जाहीर नापसंती नोंदवली.

अनुकूलनाला कमी का? कारण त्यातून वसुली होत नाही. म्हैसाळ योजनेच्या पंपांना लागणाऱ्या विजेसाठी सौर प्रकल्पाला जर्मन विकास बँकेचं कर्ज मंजूर झालं आहे. वीजबिल वाचतं, त्यातून हप्ता निघतो. पूर-इशारा यंत्रणा, पाटणच्या वस्त्यांचं पुनर्वसन, ओढ्यांची वहनक्षमता वाढवणं यांतून माणसं वाचतात, पण हप्ता निघत नाही. जे पातळी चढायला फारसे कारणीभूत नाहीत त्यांनी ती झेलायची, आणि झेलण्यासाठी कर्ज काढायचं, यात मला सरळ अन्याय दिसतो. झालेल्या नुकसानीच्या भरपाईसाठी २०२२ मध्ये शर्म अल-शेखला वेगळा निधी ठरला, पण आजवर कबूल झालेली रक्कम गरजेपुढे फार तोकडी आहे.

मग आपण कशाला काही करायचं?

साठा त्यांचा असला तरी आवकेत आता आपलाही हात आहे, आणि फटका बसणाऱ्यांत आपण पुढे आहोत. शिवाय शेतातली बरीच कपात खर्च वाचवणारी आहे. देशाच्या ग्रीडमधल्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. ५ एचपीचा पंप आठ तास चालला तर सुमारे ३० युनिट, म्हणजे २१ किलो. ठिबकवर तास घटले की तेवढं घटतं.

युरियाचं ४५ किलोचं पोतं घ्या. त्यात साधारण २०.७ किलो नत्र असतं. त्यातलं एक टक्का जरी नायट्रस ऑक्साइड होऊन उडालं, तरी ते सुमारे ९० किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतं, कारण हा वायू वजनाला वजन अडीचशेहून अधिक पटींनी भारी आहे. पाट पाण्याखाली तुंबलेल्या उसात हे प्रमाण वाढतं. जमिनीत हवा नसली की जिवाणू नत्राचं नायट्रेट तोडून त्यातल्या ऑक्सिजनवर श्वास घेतात. तोच युरिया ठिबकमधून हप्त्या-हप्त्याने दिला तर उडतो कमी आणि पोतीही कमी लागतात.

पाचट जाळल्याने निघणारा कार्बन त्या उसाने त्याच वर्षी हवेतून घेतलेला असतो, म्हणून तो कोळशाच्या रांगेत बसत नाही. तोटा वेगळा आहे: पाचटातलं नत्र आणि सेंद्रिय कर्ब जातो. पाचट सरीत ठेवून कुजवलं तर जमीन पाऊस जास्त मुरवते आणि खंड पडला तर आठवडाभर जास्त तग धरते. खोडव्यात कुट्टी करून, एकरी एखादं पोतं युरिया आणि तेवढंच सुपर फॉस्फेट टाकून, वर कुजवणारे जिवाणू मिसळून पाणी दिलं तर ते कुजतं. युरिया न टाकता पाचट तसंच ठेवलं, तर कुजवणारे जिवाणू जमिनीतलं नत्र ओढून घेतात आणि खोडवा पिवळा पडतो. मग ‘पाचटाने ऊस बिघडला’ म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा काडी लागते.